सह्याद्री उशाला, तरी एप्रिलमध्ये विहीर कोरडी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे, घरामागे सडा (म्हणजे कातळाचं उघडं पठार), पुढे उतारावर कलमं आणि त्याच्या खाली पऱ्या, म्हणजे ओढा. गणपतीत विहिरीचं पाणी वाकून तांब्याने घेता येतं आणि एप्रिल लागला की तळ दिसतो. आता पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिलाय, त्याने ४०० फुटांची बोअर सांगितलीय, आणि तुम्ही विचारताय की सह्याद्री एवढा जवळ, एवढा मोठा डोंगर चार महिने पाणी पिऊन बसतो, मग ते जमिनीखालून आपल्याकडे येतच असणार ना, त्याला गाठायला किती फूट जावं लागेल?

मी चिपळुणात राहतो, जिऑलॉजी शिकलो आणि गेली सव्वीस वर्षं भूजलाचंच काम करतोय, म्हणजे लोकांच्या विहिरीत उतरणं हा माझा धंदा. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. किती फूट हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तुमचं घर सड्याच्या कुठल्या अंगाला आहे त्यावर सगळं अवलंबून आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. पण त्याआधी एक गोष्ट क्लिअर करायला पाहिजे, कारण तुमच्या प्रश्नात जे सह्याद्रीचं चित्र आहे तेच चुकलंय, आणि ते चुकलं की पुढचे लाख-दीड लाख रुपये चुकतात.

सह्याद्री हा डोंगर नाही. म्हणजे आपण कोकणातून बघतो तेव्हा पूर्वेला भिंत दिसते, भिंतीवर शेंड्या दिसतात, त्यामुळे डोंगर वाटतो. पण एकदा कुंभार्ली घाट चढून बघा. चिपळूण जवळजवळ समुद्राच्या लेव्हलला, तिथून वळणं घेत घेत सहाशे मीटरच्या वर चढता, आणि डोंगर म्हटल्यावर पलीकडे तेवढंच उतरायला पाहिजे की नाही? उतरत नाही. थोडं खाली कोयनानगर, मग पाटण, मग कराड, आणि कराड अजूनही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तुम्ही डोंगर ओलांडलात असं नाही झालं, तुम्ही अंगणातून जोत्यावर चढलात. देश म्हणजे जोतं, आपण अंगणात राहतो, आणि सह्याद्री म्हणजे त्या जोत्याची खाल्लेली, झिजलेली कड. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, ही सगळी त्या जोत्याच्या कडेवर शिल्लक राहिलेली टेंगळं समजा.

ही कड तापीपासून कन्याकुमारीपर्यंत साधारण १६०० किमी जाते, मध्ये मोठं खिंडार एकच, केरळातलं पालघाट. तिथून खाली अनैमुडी २६९५ मीटर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटरने उंच, पण तिथला खडक वेगळा आणि कितीतरी जुना. आपला विषय वरच्या भागाचा, काळ्या दगडाचा.

हा काळा दगड म्हणजे लाव्हा, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय, पण चित्र डोक्यात येतं ते शंकूसारख्या ज्वालामुखीचं. तसं नव्हतं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा बाहेर येऊन आंबोळीच्या पिठासारखा पसरत गेला, एकावर एक, शेकडो थर. आजही तो पाचेक लाख चौरस किमीवर पसरलेला आहे. कुठल्याही कड्याकडे लांबून बघा, आडव्या पट्ट्या दिसतात, उभी काळी भिंत, मग गवताची टप्पी, परत भिंत, परत टप्पी. भिंत म्हणजे घट्ट थर, टप्पी म्हणजे त्याच्यावरचा ठिसूळ भाग. हिमालयात थर वाकलेले, मुडपलेले दिसतात कारण तिथे दोन खंडांची टक्कर झाली, समुद्राच्या तळातले शंख-शिंपले वर गेले. आपल्याकडे कोणी कोणाला धडकलं नाही. थर जवळजवळ जसेच्या तसे आडवे आहेत, पनवेल-मुंबईच्या पट्ट्यात पश्चिमेकडे कललेत ते सोडून. त्यामुळे भूकंपाने सह्याद्री वर आला का हा जो तुमचा दुसरा प्रश्न आहे, त्याचं उत्तर नाही असं आहे. अख्खं पठार हळूहळू उचललं गेलं हे खरं, पण कड्याचा आकार उचलण्यातून आलेला नाही, खाण्यातून आलाय.

तो कसा, तर लाव्हा ओतून झाल्यावर थोड्याच काळात, म्हणजे भूगर्भाच्या हिशोबात थोड्या, पश्चिमेकडचा तुकडा फाटून दूर गेला. सेशेल्स बेटं ज्या तुकड्यावर आहेत तो एकेकाळी आपल्या शेजारी होता. मध्ये समुद्र आला आणि जोत्याला एकदम कड तयार झाली. समुद्र एवढा जवळ आणि खाली म्हटल्यावर पश्चिमेकडे धावणाऱ्या ओढ्यांना प्रचंड उतार मिळाला, त्यांनी कड पोखरायला सुरुवात केली आणि ती पोखरत पोखरत पूर्वेला आणली. ती नेमकी कुठून किती मागे आली यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. पण कोकणातल्या जांभ्यातल्या, म्हणजे चिऱ्याच्या लाल दगडातल्या, खनिजांचं वय मोजलं गेलंय, ते मागे साडेचार कोटी वर्षांच्या आसपास जातं, म्हणजे कडा तेव्हाच बराच मागे येऊन खाली कोकणपट्टी उघडी पडलेली होती. आमच्या लोटे परशुरामच्या गोष्टीत समुद्र मागे हटला आणि कोकण तयार झालं. भूगोलात कडा मागे हटला. कोकण तयार झालं हे दोन्हीकडे सेम.

आता पाण्याकडे. महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते आणि सावित्रीही तिथलीच, एकाच देवळात दोघींचं पाणी दाखवतात. कृष्णा तिथून १४०० किमी चालत बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री कड्यावरून उडी मारते, पोलादपूर, महाड करत शंभर-एकशेदहा किमीत बाणकोटला समुद्रात. उंची दोघींनी तेवढीच उतरायची. कृष्णेला एका किलोमीटरला सरासरी मीटरभरही उतार मिळत नाही, सावित्रीला दहा मीटरच्या वर मिळतो, आणि त्यातलाही बहुतेक पहिल्या काही किलोमीटरमध्येच संपतो. तुमच्या शास्त्री नदीचं, आमच्या वाशिष्ठीचं, काजळीचं, सगळ्यांचं हेच. पाणलोटाची रेघ कड्याच्या अगदी ओठावर आहे. घाटमाथ्यावर पडलेला थेंब एक वीत पूर्वेला पडला तर आंध्रात जातो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथेच सुटला. सह्याद्री पाणी पिऊन बसतो हे खरंय, पण जोत्यावरचं बरंचसं पाणी तिकडे, देशावर उतरतं. आपल्या बाजूला येतं ते कड्याच्या तोंडावर पडलेलं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, तेवढं तरी जमिनीखालून येईल ना. इथे मी तुम्हाला घाटातच न्यायला हवं. ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले की, कुंभार्लीच्या एखाद्या रस्त्याच्या कटिंगपाशी गाडी बाजूला घ्या. खाली काळा थर, वर काळा थर आणि मधोमध हातभर जाडीची विटकरी लाल पट्टी दिसेल. ती म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जी माती तयार झाली आणि मग वरच्या लाव्ह्याने भाजून काढली, ती. बोट लावलं तर बोट लाल होतं, आणि ओली असली तर गुळगुळीत, चिकणमातीसारखी लागते. आता पाणी कुठून टपकतंय ते बघा. वरच्या काळ्या थराच्या भेगांतून खाली येऊन लाल पट्टीवर अडलंय आणि पट्टीच्या रेषेरेषेने बाहेर पडतंय, तिथेच शेवाळ, तिथेच नेचे, तिथेच रानकेळीची रांग. पट्टीच्या खालचा पाषाण बऱ्याचदा खडखडीत सुका.

हे एकदा बघितलं की सगळं कळतं. आडव्या थरांमधलं पाणी सरळ खाली जात नाही, ते आडवं सरकतं आणि जिथे थर कापला गेलाय तिथून बाहेर पडतं. आता कडा ते तुमचं घर यामध्ये पंचवीस-तीस किमी अंतर आहे आणि त्यात किती दऱ्या, किती नद्या, किती पऱ्ये आलेत ते गूगल अर्थवर मोजा. प्रत्येक दरी म्हणजे थरांना मारलेला काप. कड्यातून निघालेलं पाणी पहिल्याच कापाला बाहेर येऊन ओढ्याला मिळतं. त्याने एवढ्या दऱ्यांच्या खालून बुडी मारून नेमकं तुमच्या परसात वर यायचं म्हणजे फारच प्रेम पाहिजे.

दोन अपवाद आहेत आणि दोन्ही तुमच्या-आमच्या दारातले, म्हणून सांगतो. एक, गरम पाण्याची कुंडं. तुरळ, आरवली, राजवाडी तुमच्याच तालुक्यात, वर उन्हवरे, खाली राजापूर, किनाऱ्याला समांतर अशी माळच आहे. लोक म्हणतात खाली ज्वालामुखी आहे. नाही हो. पावसाचंच पाणी खोल भेगांतून बरंच खाली जातं, तिथे जमीन मुळातच गरम असते, तापून दुसऱ्या भेगेने वर येतं. म्हणजे खोल भेगा आहेत, पण त्या ठराविक रेषेवर आहेत, गावागावात नाहीत. आणि तुमच्या ४०० फुटांच्या बोअरला ती भेग लागण्याचा चान्स लॉटरीएवढाच. कोयनेच्या बाजूला भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किमी खोल बोअर घेतली गेली (१९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप आमच्या घरात अजून सांगतात, घागरी कशा पडल्या ते), तिथे साधारण सव्वा किलोमीटर नुसता काळा दगड निघाला आणि मग खाली ग्रॅनाइट. सव्वा किलोमीटर. ४०० फूट म्हणजे त्याचा साधारण दहावा भाग. खोल गेलं की पाणी असतंच, ही समजूत इथे उपयोगाची नाही.

दुसरा अपवाद माणसाने केलेला. कोयनेचं पाणी खरं म्हणजे कृष्णेचं, ते बोगद्यातून कड्याच्या आतून खाली पोफळीला आणलं, वीज केली आणि वाशिष्ठीत सोडलं. वर्षाला ६७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. जोत्यावरचं पाणी अंगणात आलेलं हे खरं उदाहरण, आणि ते बहुतेक सगळं दाभोळच्या खाडीला जातं. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण चिपळूण तालुक्यातल्या वरच्या वाड्यांनी दर मे महिन्यात सिद्ध करून दाखवायची.

मग तुमच्या विहिरीत येतं ते पाणी कुठलं? तुमच्याच सड्याचं. पूर्वेला बघू नका, घरामागे बघा.

सड्यावरचा जांभा म्हणजे हाच काळा दगड, पाऊस आणि उन्हाने लाखो वर्षं कुजवून कुजवून त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे ठेवलं, ते. आपण त्याचे चिरे काढून घरं बांधतो. इंग्रजांच्या काळात फ्रान्सिस बुकानन नावाच्या माणसाने केरळात हा दगड बघून १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटेराइट नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून, कारण तिकडेही लोक विटेसारखे तुकडे कापत होते. जांभा वरून कातळ दिसतो पण आत गांडुळाने पोखरल्यासारखा असतो, पाणी चाळणीतून गेल्यासारखं उतरतं. आणि जांभ्याच्या खाली असते पांढरट-पिवळट, कुठे जांभळट चिकणमाती, कुजणं अर्धवट राहिलेल्या दगडाची. ती पाणी धरते पण सोडत नाही. त्याच्या खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण.

मागच्या मार्चमध्ये देवरुखच्या बाजूला एका विहिरीत उतरलो होतो, तुमच्यासारखीच केस. वरून साधारण चार फूट माती, मग बारा-तेरा फूट जांभा, भिंतीला हात लावला तर बोटं भोकांत जातात, सगळा कोरडा. मग एकदम रंग बदलतो, पिवळी माती सुरू होते, आणि बरोबर त्या सांध्यावर भिंतभर ओल. एका जागी पेन्सिलीएवढी धार, त्याच्याच बाजूच्या भोकात एक खेकडा बसलेला, मी बॅटरी मारली तसा आत सरकला. धारेखाली बाटली धरली, लिटर भरायला दोन मिनिटांच्या वर लागली. ही धार म्हणजे त्या घराचं अख्खं पाणी. दिवसाला सहा-सातशे लिटर. तिच्याखाली मालकाने सुरुंग लावून आणखी दहा फूट काळा दगड फोडलेला, पन्नासेक हजार घालवून, त्यातून एक थेंब वाढलेला नव्हता, रात्रभराचं पाणी साठायला खड्डा तेवढा मोठा झाला. साठा वाढला, आवक तीच.

पाऊस कमी पडतो असं तर नाहीच. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पडतो. ३००० मिमी म्हणजे एका गुंठ्यावर तीन लाख लिटर, तुमचा सडा दोन एकराचा धरला तरी दोन-अडीच कोटी लिटर. हा पाऊससुद्धा त्या कड्याचाच, अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात, ओततात. आंबोलीला सात हजार मिमीच्या घरात, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर, आणि तिथून वीस किमीवर पाचगणीला निम्म्याहूनही कमी, कारण ढग ओठावरच रिकामा झाला. तर सह्याद्री आपल्याला पाणी देतो ते वरून देतो, खालून नाही.

अडचण अशी की सडा जुलैच्या मध्यालाच गच्च भरतो. त्यानंतर पडेल तो थेंब घरंगळून पऱ्याला जातो. आणि पाऊस थांबला की तीच चाळणी उलटी गळायला लागते, सड्याच्या चारी बाजू दऱ्यांनी कापलेल्या, समुद्र चाळीसेक किमीवर, उतार भरपूर. देशावरचा शेतकरी म्हणतो टाकी भरत नाही. आपली टाकी दरवर्षी भरते हो, आपल्या टाकीला बूच नाही. शोषखड्डे, बोअर रिचार्ज हे जे देशावरचे उपाय व्हॉट्सॲपवर फिरतात ते आपल्याकडे जसेच्या तसे लावून उपयोग होत नाही तो यासाठी. भरलेल्या टाकीत आणखी पाइप सोडून काय होणार?

तर इथपर्यंतचं एका दमात: सह्याद्री जोत्याची कड आहे, तिचं पाणी खालून तुमच्याकडे येत नाही, तुमचं पाणी तुमच्या सड्यातलं, ते जांभा आणि पिवळ्या मातीच्या सांध्यावर आहे, आणि ते संपतं कारण गळतं.

आता बोअरचं. बोअरच्या मी विरोधात नाही, काही ठिकाणी चांगल्या लागतात. दोन लाव्हांच्या सांध्यावर, भेगाळलेल्या पाषाणात किंवा मांजऱ्या लागला तर (तो भोकाभोकांत पांढरे खडे भरलेला, आमच्या लोकांच्या तोंडी हाच शब्द आहे) कधी कधी घराला पुरेल एवढं मिळतं. घर दरीच्या तळाशी, दोन पऱ्यांच्या संगमाजवळ असेल तर चान्स वाढतो. अगदी सड्याच्या टोकावर असेल तर मी पैसे घालू नका असंच सांगतो. खाडीच्या काठावर असाल तर दुसरी भीती, जास्त उपसा केलात की खारं पाणी आत येतं आणि एकदा आलं की लवकर जात नाही. आणि सिंधुदुर्गातलं कोणी हे वाचत असेल तर मालवण-वेंगुर्ल्याकडे काळा दगड संपून ग्रॅनाइट, गारगोटीसारखे जुने खडक सुरू होतात, तिथे हिशोब वेगळा, माझं हे सगळं तिकडे लावू नका.

पण तुमच्या केसमध्ये बोअरचा पॉइंट विहिरीपासून वीस फुटांवर दिलाय हे वाचून मला घाम फुटला. माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एका वाडीला मी पाणी शोधायचं मशीन लावून असाच पॉइंट दिला होता, विहिरीच्या जवळ. तिथल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी मला सांगितलं होतं, "सायबा, पाणी सड्याच्या टाचंला असतंय, तू डोक्यात कशाला भोसकतोस?" मी हसलो. बोअर ३०० फूट गेली, पाणी लागलं नाही, आणि पुढच्या मार्चमध्ये विहिरीचंही गेलं. पिवळ्या मातीच्या थराने जे पाणी तोलून धरलेलं होतं त्या थरालाच मी भोक पाडलं होतं, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप, अर्धवट टाकलेलं, पाणी बाजूने खालच्या सुक्या भेगांत निघून गेलं. नंतर ती बोअर मातीने आणि सिमेंटने बुजवली तेव्हा दोन पावसाळ्यांनी विहीर थोडी सुधारली. आजोबा तोपर्यंत गेलेले.

म्हणून, बोअर मारायचीच असेल तर विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला, आणि केसिंग पूर्ण जांभा आणि माती ओलांडून पाषाणात बसेपर्यंत, बाजूची फट सिमेंटने बंद करून. बोअरवाला घाईत असतो, तो वीस फूट टाकून म्हणेल झालं. तुम्ही तिथे उभे राहा. बोअरमधून बाहेर पडणाऱ्या भुशाचा रंग बघत राहा, लाल, मग पिवळा, मग करडा, मग काळा. काळा सुरू झाल्यावरच केसिंगला हो म्हणा.

पण त्याच्या आधी, फुकटातल्या गोष्टी. पहिली म्हणजे दोरीला दगड बांधून दर महिन्याच्या एक तारखेला पाण्याची लेव्हल मोजून भिंतीवर खडूने लिहायची, ऑक्टोबर ते मे. पाणी सावकाश उतरतंय की एका महिन्यात धाडकन उतरतंय, त्यावरून मला झऱ्याची जागा जवळजवळ सांगता येते. धाडकन उतरत असेल तर झरा वरच्या अंगाला आहे आणि खालचं नुसतं साठलेलं आहे.

दुसरी, ऑगस्टमध्ये सड्यावर छत्री घेऊन चक्कर मारा. पाणी कुठे साचतं, कुठे गुडगुड करत कातळात शिरतं, त्या जागा बघून ठेवा. त्या भागात चिरेखाण कोणी काढत असेल तर आत्ताच भाऊबंदांशी बोला, कारण जांभा उचलला म्हणजे टाकीच उचलली. सडा पडीक, निरुपयोगी म्हणून विकतात लोक. तुमची विहीर तिथे आहे, खाली दिसते ते नुसतं तोंड.

तिसरं आणि मुख्य काम, बूच लावणं. तुमच्या पऱ्यात ऑक्टोबरच्या शेवटी, धार बारीक झाली की, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून दोन-तीन ठिकाणी बंधारे घाला, तुमच्या विहिरीच्या लेव्हलच्या आसपास आणि थोडे खाली. वनराई बंधारे म्हणतात तेच. दिवसभराचं श्रमदान, वाडीतले आठ-दहा जण पुरे. खालचं पाणी तुंबलं की वरच्या सड्याला गळायला उतार कमी पडतो, मग गळती मंदावते. पऱ्याच्या गाळात खाली पाषाणापर्यंत चर खणून आडवी मातीची भिंत घातली, भूमिगत बंधारा, तर आणखी चांगलं, पण त्याला खर्च आहे आणि जागा बघायला कोणीतरी जाणकार पाहिजे. यातून विहीर बारमाही होईल असं मी म्हणत नाही, पण तीन-चार आठवडे पुढे ढकलली गेलेली मी बऱ्याच वाड्यांत बघितलीयत, आणि आपल्याला काढायचे असतात ते आठवडे तेवढेच असतात.

चौथं, छप्पर. चार माणसांना पिण्या-जेवणापुरतं दिवसाला १६० लिटर धरलं तर साठ दिवसांना दहा हजार लिटर होतात. तुमच्या कौलांवर एका चांगल्या पावसाच्या दिवशी एवढं पडून जातं. टाकी झाकलेली पाहिजे, अंधार पाहिजे, आणि भरायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसात, कौलं धुतल्यावर. बोअरच्या निम्म्याहून कमी खर्चात होतं आणि ही टाकी गळत नाही.

एक काम मात्र करू नका. कोणीतरी तुम्हाला उतारावर आडवे चर खणायला सांगितलंय असं लिहिलंय. सपाटीला ठीक, पण घरावरचा उतार तीव्र असेल आणि माती जाड असेल तर अजिबात नको. पाणी जिथे सांध्यावर साठतं तिथेच माती घसरते. २०२१ च्या जुलैमध्ये तळियेला काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, ८० च्या वर माणसं गेली. तिथे चर होते असं मी म्हणत नाही, मातीखालच्या दगडावर पाणी भरलं की उतार कसा वागतो तेवढंच सांगतोय. सड्याच्या कडेला नवीन भेग दिसली, झाडं कलायला लागली, पावसात विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं, तर आधी माणसं हलवायची, मग फोन करायचा.

राहिली पाणाड्याची गोष्ट. त्याच्यावर चिडू नका, आमच्या मशीनचेही पॉइंट फेल जातात हे वर कबूल केलंच आहे. फक्त त्याला विचारा, की हा नारळ विहिरीच्या खालच्या अंगाला, पऱ्याजवळ धरून बघशील का.

आणि एक राहिलं. तुम्ही फोटो टाकलाय त्यात विहिरीला आतून सिमेंटच्या रिंगा दिसतायत. त्या किती खाली गेल्यात? जर पंधरा-सोळा फुटांच्या खाली सलग गेल्या असतील आणि मागे खडी-वाळू न भरता सिमेंटने चोपलं असेल, तर तो सांधा, ती धार, तुम्हीच बंद केलेली असण्याची शक्यता आहे. रिंगा कोणत्या वर्षी टाकल्या आणि त्याच्या आधी विहीर मेपर्यंत टिकायची का, हे घरातल्या मोठ्यांना विचारा, दोरीने रिंगांची खोली मोजा आणि आकडा कळवा. मग बोअरचं बोलू.